लाल पाण्याची बातमी

रहाटणीच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. माहेर संगमनेरकडचं. लग्न झालेलं होतं, पण नवरा मुंबईला गिरणीत गेला आणि दुसऱ्या वर्षापासून त्याची पत्रंही बंद झाली. सातवीची फायनल परीक्षा पास होते, तेवढ्या बळावर ही मास्तरकी मिळाली. गावात माझं नाव कुणी घेत नसे. मी 'मास्तरीणबाई' होते आणि ते मला आवडायचं. नावाने हाक मारणाऱ्यांनी माझं फारसं भलं केलेलं नव्हतं.

शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, चावडीकडे तोंड करून, काळ्या रंगाने रंगवलेला एक फळा होता. आधीचे मास्तर त्यावर सुविचार लिहीत. मी बातम्या लिहायला लागले. गावात सायकली दुरुस्त करणारे एक मुसलमान गृहस्थ होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. ते रोज सकाळी चिंचवड स्टेशनवर जाऊन पुण्याचा पेपर आणायचे. तो आधी माझ्या हातात पडायचा, मग त्यांच्या दुकानात जायचा. शाळा भरायच्या आत मी त्यातल्या सहा-सात ओळी खडूने फळ्यावर उतरवायची. शेतावर निघालेली आणि पिंपरीकडे कारखान्यांच्या बांधकामावर जाणारी माणसं तिथे थांबत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचे, बाकीचे ऐकत. वर्षभरात असं झालं, की चावडीवर दोघांचा वाद लागला तर एकजण म्हणे, "बाईंनी लिहिलंय." मग वाद संपे. मी आत वर्गात असले तरी ते शब्द मला खिडकीतून ऐकू यायचे आणि माझ्या हातातला खडू क्षणभर थांबायचा.

मी ज्यांच्या घरात खोली घेऊन राहत होते त्या बाई पन्नाशीच्या होत्या. विधवा, मूलबाळ नाही, दोन म्हशी आणि नदीकाठी थोडी जमीन. त्यांना सगळे मावशी म्हणत. संध्याकाळी धार काढून झाली की त्या विचारायच्या, "आज काय लिव्हलंस गं?" मी सगळं सांगायची आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्या ते बायकांना सांगायच्या. माझ्या फळ्याची दुसरी प्रत म्हणजे मावशी. ताटात माझी भाकरी त्या आधी वाढायच्या. आईकडेही मला कधी कुणी पहिली भाकरी वाढली नव्हती.

मग नर्सबाई आली.

ती रत्नागिरीकडची. माझ्याच वयाची, काळीसावळी, हसरी, बोलताना शब्द जरा नाकातून काढणारी. आरोग्य खात्याने तिला आमच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांसाठी नेमलं होतं. दर बुधवारी ती सायकलवरून यायची. सायकल चालवणारी बाई गावाने पाहिली नव्हती. पहिल्या बुधवारी लोक हसले, तिसऱ्या बुधवारी वाट बघायला लागले. तिच्या पिशवीत रंगीत चित्रांचे तक्ते असायचे. माशी, भाकरीवर बसलेली माशी, आणि मग अंथरुणावर पडलेला माणूस. ती तक्ता उलगडायची आणि वाचता न येणाऱ्या बायकाही आपापसात तो वाचून दाखवायच्या. त्यांना मधे कुणी लागत नव्हतं.

मला तिचा हेवा वाटायला लागला तो दिवस मला नेमका आठवतो. मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातल्या मुली नेहमी शाळा-शाळा खेळत. एक मुलगी मी व्हायची, पदर खोचून बाकीच्यांना दटावायची. त्या दिवशी बघते तर एक मुलगी बाभळीचा काटा घेऊन सगळ्यांच्या दंडाला हलकेच लावत होती आणि म्हणत होती, "दुखायचं न्हाई, डोळं मिट." रांग लागली होती. मास्तरीण व्हायला कुणी उरलं नव्हतं. मी घंटा पाच मिनिटं आधी वाजवली.

घरी गेले तर मावशींच्या ओट्यावर नर्सबाई बसलेली. हातात खरवसाची वाटी. मावशी तिला सांगत होत्या, "खा गं माझे बाय, लांबून आलीस." मला बघून म्हणाल्या, "तुझा बी ठेवलाय, घे आतनं." आतून घे. मी आत गेले. वाटी झाकून ठेवलेली होती. मी ती तशीच ठेवली आणि रात्री पोट दुखतंय म्हणाले.

नर्सबाईने माझं काहीच वाईट केलं नव्हतं, हे मी आधीच लिहून ठेवते. ती येताना माझ्यासाठी कोकमं आणायची. मला विचारायची, "बाई, तुमचं अक्षर किती सुंदर. माझ्या चार ओळी फळ्यावर लिहाल? तुमचं लिहिलेलं लोक मानतात." खरं तर हा मान होता. मला मात्र वाटलं, ही मला आपली पाटी समजते. मी तिच्या ओळी लिहायची, पण अगदी खाली, बारीक अक्षरात. एकदा ती फळ्यापुढे वाकून उभी राहिली, बारीक अक्षर वाचलं आणि मला म्हणाली, "जागा कमी पडली वाटतं." मी हो म्हणाले.

त्या उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. आमच्या गावात अजून नव्हती. नर्सबाई रोज यायला लागली. लस टोचणं आणि विहिरींत औषध टाकणं अशी दोन कामं तिच्यावर होती. औषध म्हणजे जांभळे खडे. ते बादलीत विरघळवून तिने मोठ्या विहिरीत ओतले आणि पाणी गुलाबी-लाल झालं. बायका काठावर उभ्या राहून बघत होत्या. तिने समजावून सांगितलं, की पाण्याला थोडी वेगळी चव लागेल, उद्यापर्यंत रंग जाईल, मग खुशाल प्या. मावशींनी तिच्या हातातली बादली घेऊन स्वतः दुसऱ्या खेपेचं औषध ओतलं. त्या हसत होत्या. मी शाळेच्या दारातून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा पुसला आणि तीन ओळी लिहिल्या. त्या मला अजून जशाच्या तशा आठवतात.

'आपल्या मोठ्या विहिरीत काल औषध टाकण्यात आले. पाणी लाल झाले.

काळेवाडीत सुई घेतलेल्या दोघांना ताप.

नदीकाठच्या जमिनींची मोजणी सुरू. कारखान्यांसाठी जमिनी घेणार अशी चर्चा.'

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सुई घेतल्यावर एक दिवस ताप येतो, हे नर्सबाई स्वतःच सगळ्यांना सांगायची. साखळ्या आणि झेंडे घेऊन मोजणीवाले खरंच नदीकडे फिरत होते. पण एरवी मी एका बातमीखाली दुसरी लिहिताना मधे रेघ मारायची. त्या दिवशी रेघा मारल्या नाहीत. तिन्ही ओळी एकाखाली एक, मोठ्या अक्षरात लिहिल्या आणि सगळ्यांभोवती मिळून एक चौकट काढली. आपण काय करतोय हे मला माहीत होतं. फक्त ते किती लांब जाईल हे माहीत नव्हतं.

दुपारपर्यंत चौकटीतल्या ओळी एकमेकींना चिकटल्या. चावडीवर कुणीतरी म्हणालं, की विहिरी बाद करायच्या, माणसं आजारी पाडायची, मग जमिनी पडीक ठरवून कारखान्यांना द्यायच्या, असा हा सरकारचा डाव आहे. दुसऱ्याने शंका काढली तर पहिला म्हणाला, "मी कुठं सांगतोय? बाईंनी लिहिलंय." मी खिडकीतून ऐकलं. आत कुठेतरी गोड वाटलं. पुष्कळ दिवसांनी ते शब्द ऐकले होते.

संध्याकाळी चाचा शाळेत आले. पेपर हातात नव्हता, नुसतेच आले. म्हणाले, "बाई, आज पेपरात विहिरीचं काही नव्हतं."

"गावची बातमी आहे, चाचा. गावात घडलं ते लिहिलं."

"व्हय, घडलं तेच लिहिलं. पण लोक भलतंच वाचतायत. उद्या जरा उलगडून लिहा."

मी म्हटलं, "लोक काय वाचतात त्याला मी काय करू?" ते सायकल घेऊन गेले. मी उलगडून लिहिलं नाही.

आठवड्याच्या बाजारात चिंचवडला एक चूर्णवाला बसायचा. त्याने गुलाबी कागदावर पत्रकं छापून आणली. 'सरकारी सुईपासून सावधान. लाल पाण्याने वांझपण येते. आमचे चूर्ण घ्या.' वांझपणाचं मी कुठेच लिहिलं नव्हतं. ते त्याने स्वतःच्या धंद्यासाठी घातलं. त्यानंतर पुण्याच्या एका साप्ताहिकात मजकूर आला. त्यात 'रहाटणी येथील फलकावरून समजते' असे शब्द होते. चाचांनी तो अंक माझ्यापुढे ठेवला. मी तो तीनदा वाचला. आधी अभिमान वाटला, पुण्याच्या छापखान्यापर्यंत आपला फळा गेला म्हणून. आणि तिसऱ्यांदा वाचताना मला चक्क शंका आली, की कदाचित खरंच काही असेल. छापलंय म्हणजे कुणीतरी चौकशी केली असेल. ज्या गोष्टीची सुरुवात मी माझ्या हाताने केली होती, तिच्यावर मी स्वतः विश्वास ठेवायला लागले होते. मी स्वतः सुई घेतलेली नव्हती. आधी रागाने घेतली नव्हती, आता भीतीने घेईना.

मग सरकारची प्रचाराची गाडी आली, टपावर कर्णा लावलेली. गाडीतला माणूस ओरडून सांगत होता, की सुईने वांझपण येते ही अफवा आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नका. ज्या दोन-चार घरांना वांझपणाचं माहीत नव्हतं त्यांनाही ते त्या दिवशी कळलं. शिवाय तो म्हणाला, सुईने ताप बिलकूल येत नाही. ज्यांना ताप येऊन गेला होता ते एकमेकांकडे बघून हसले. नर्सबाई गाडीपाशी धावत गेली. मी ऐकलं, ती त्या माणसाला सांगत होती, "असं नका सांगू. एक दिवस ताप येतो, मी लोकांना तसंच सांगितलंय." तो म्हणाला, त्याला कागदावर जे लिहून दिलंय तेच तो वाचतो. गाडी पुढे गेली. त्या दिवसापासून नर्सबाईचं खरंही खोटं ठरलं.

बायकांनी मोठ्या विहिरीचं पाणी सोडलं. नदीच्या वाळूत खड्डे खणून तिथलं पाणी भरायला लागल्या. नर्सबाई आली की दारं ओढून घेतली जायची. मावशींनी तिला ओट्यावरूनच सांगितलं, "बाय, आता येत जाऊ नगंस." ती सायकल हातात धरून वळली. मी आत होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पहिली भाकरी पुन्हा मला मिळायला लागली होती.

दहा-बारा दिवसांनी पटकी गावात शिरली. एक म्हातारे गृहस्थ गेले. मग एक बाळंतीण गेली. तिचं बाळंतपण नर्सबाईने केलं होतं. आणि एका सकाळी मी उठले तर मावशी गोठ्याच्या दाराशी पडलेल्या. डोळे खोल गेलेले, हातपाय गार, आवाज बसलेला. मी चाचांकडे धावले. चाचा सायकलवर बसले आणि पलीकडच्या वाडीतून नर्सबाईला घेऊन आले. ती आली, तिने पिशवी उघडली. मावशींनी मान हलवली.

"हिला आत येऊ देऊ नगंस."

मी म्हटलं, "मावशी, अहो, तिच्याशिवाय आता कुणी नाही."

"तिनंच पाणी नासलंय. तूच तर लिव्हलंस. म्हनून तर मी नदीचं पाणी भरलं."

नर्सबाई उंबऱ्यापाशी उभी होती. चाचा अंगणात होते. मी मावशींच्या डोक्याशी बसले आणि सांगितलं, "मी मुद्दाम तसं लिहिलं. विहिरीचं पाणी चांगलं होतं. तुम्ही हिला माझ्यापेक्षा जास्त जीव लावायला लागलात, ते मला बघवेना. म्हणून लिहिलं."

आयुष्यात एवढं खरं मी कधी बोलले नव्हते. मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "हे तुला तिनं पढवलंय." त्यांनी माझा हात थोपटला. त्यांना माझी दया आली होती.

नर्सबाई उंबरा ओलांडून आत आली. तिने मला एवढंच विचारलं, "तुम्ही लस घेतलीय का?"

"नाही."

"मग दंड पुढे करा."

मी तिथेच, मावशींच्या डोळ्यांदेखत, दंड पुढे केला. तिने सुई टोचली. मावशी ते बघत राहिल्या. त्यांना पटलं असं नाही, पण नको म्हणायची ताकद उरली नव्हती. नर्सबाईने त्यांना चमच्याचमच्याने मीठ घातलेली पेज पाजली. चाचांनी बांधकामावर दगड टाकून परत निघालेली एक लॉरी रस्त्यावर आडवे उभे राहून थांबवली. आम्ही मावशींना गोधडीत उचलून मागे ठेवलं. नर्सबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पुण्याच्या दवाखान्यापर्यंत बसली. मला म्हणाली, "तुम्ही थांबा. गावाला आज फळ्यावर काहीतरी वाचायला पाहिजे."

मी लिहिलं. मोठ्या अक्षरात, पूर्ण फळाभर. विहिरीचं पाणी शुद्ध आहे, नदीचं पाणी पिऊ नका, सुईने एक दिवस ताप येतो आणि जातो, आधीची बातमी मी चुकीच्या हेतूने लिहिली होती. खाली 'मास्तरीण' अशी सही केली. माणसं जमली. एकाने वाचून दाखवलं.  एकजण हळूच म्हणाला, "बाईंवर वरून दाब आलाय." दुसरा म्हणाला, "नोकरीचा प्रश्न आहे, काय करतील बिचाऱ्या." ते माझ्याकडे सहानुभूतीने बघत गेले. संध्याकाळपर्यंत कुणीतरी ओल्या फडक्याने फळा पुसून टाकला होता. पाणी मात्र चाचांनी मोठ्या विहिरीचंच भरलं. त्यांच्या मागून दोन-तीन घरांनी भरलं. फळ्यावरचं ऐकून कुणी भरलं नाही. चाचांच्या घरातली माणसं धडधाकट आहेत हे बघून, पंधरा दिवसांनी, हळूहळू बाकीच्यांनी भरलं.

मावशी वाचल्या. दोन आठवड्यांनी घरी आल्या. विहिरीवर जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "मास्तरीणबाईनं मला वाचवलं. लॉरीत घातलं म्हनून जगले." लॉरीत कोण बसलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी जवळच उभी होते. मला तिथल्या तिथे बोलता आलं असतं. बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी घागर उचलली आणि घरी आले. रात्री मावशींना म्हटलं, की नर्सबाई तुमच्या उशाशी बसली होती. त्या म्हणाल्या, "बसली असंल. तिच्या मनाला लागलं असंल, केलेलं."

पुढच्या महिन्यात गावाने नर्सबाईविरुद्ध अर्ज करायचं ठरवलं. अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडे आले. मी नाही म्हणाले. पण कारण सांगितलं ते डोकं दुखतंय असं. अर्ज दुसऱ्या कुणीतरी लिहिला आणि तिची बदली कुरुळीला झाली. जाताना ती शाळेत आली नाही.

मी कुरुळीला गेले ते दिवाळीच्या सुट्टीत. नाशिक रस्त्याने जाणाऱ्या येष्टीतून उतरले आणि विचारत विचारत तिच्या खोलीपर्यंत पोचले. दारात चार-पाच बायका बसल्या होत्या, एकीच्या कडेवर मूल. त्या तिला 'ताई' म्हणत होत्या. आणि खरं सांगते, माफी मागायला आले होते तरी त्या हाकेने मला पुन्हा तोच हेवा वाटला. हिला कुठेही टाका, हिची माणसं होतात.

तिने चहा केला. मी म्हटलं, "त्या दिवशी मावशींना सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. तुम्हाला वेगळं सांगायला आले."

ती म्हणाली, "मला फळा बघितला त्याच दिवशी कळलं होतं. माझ्या ओळी इतके महिने खाली बारीक असायच्या. त्या दिवशी माझ्याबद्दलचं वर आणि मोठं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कुणाला सांगणार? गाव तुमचं होतं." मग ती म्हणाली, "ती बाळंतीण रोज डोळ्यांपुढे येते, बाई. तिला मी सांगितलं होतं विहिरीचंच पी. ती मला म्हणाली होती, सासू ऐकत नाही." एवढं बोलून ती कपबशा विसळायला उठली. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलंही नाही. तेवढ्यात कुणीतरी तिला बोलवायला आलं आणि ती पिशवी घेऊन निघाली.

परतीच्या येष्टीत माझ्या पुढच्या बाकावर चाकणकडचे दोन शेतकरी होते. एकजण दुसऱ्याला सांगत होता, "रहाटणीला न्हाई का, विहिरीत लाल विष टाकलं होतं. जमिनी घ्यायच्या होत्या." दुसरा म्हणाला, "मी बी ऐकलंय. पेपरात आलं होतं."

मी पुढे वाकून म्हटलं, "भाऊ, ते खोटं आहे. मी रहाटणीचीच. ती बातमी मीच लिहिली होती आणि ती चुकीची होती."

दोघांनी वळून माझ्याकडे बघितलं. पहिला अदबीने म्हणाला, "बाई, तुमी सरकारी नोकरीत हाय का?"

"शाळेत शिकवते."

"तेच म्हनलं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.